जामसिंगची शिदोरी

फादर अजितनी दोरी ओढली, झेंडा वर गेला, फुलं खाली सांडली. पण आरोळी कुणी दिली नाही. ती दरवर्षी जामसिंगच द्यायचा. पंधरा ऑगस्टला मरियामातेच्या सणाची मिस्सा संपली की चर्चच्या अंगणात उभा राहून ‘भारत माता की’ असा ओरडायचा, की ओढ्यापलीकडून ‘जय’ यायचं. होमगार्डात कमावलेला गळा तो. आज तो आत वेदीपुढे पांढऱ्या चादरीखाली निजला होता.

शेवटी फादरच म्हणाले, आणि चर्चवाल्या तेवढ्या माणसांनी ‘जय’ म्हटलं. एरवी सगळा पाडा यायचा, चर्चला जाणारे नि न जाणारेही. झेंड्यानंतरची बुंदी काय, सगळ्यांच्याच तोंडात गोड लागते. पण होळीनंतर बैठका झाल्या, कुणी बाहेरचा येऊन चर्चवाले आपले नव्हेत असं शिकवून गेला, आणि एका आईच्या दुधावर वाढलेल्या भावांनी बोलणं टाकलं. जळो ते शहाणपण!

जामसिंगचा धाकटा भाऊ वाहरू आता फाटकाबाहेर उभा होता. आत पाऊल टाकीना. जामसिंगची बायको सिंधुबाई, तीच उठून त्याच्याकडे गेली.

“वहिनी, कारभारी जालमसिंग बाबा म्हनतस, मसनमां जागा देसूत,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “पन क्रूस नही, फादर नही, गाना नही. तसं काही दिसनं ते मयत मांगे फिराई देतीन.”

“नि तू काय म्हनस?”



“मिशनच्या आवारात जागा आहे, सिंधुबाई,” मागून फादर म्हणाले. “तिथे क्रूस लावू, गाऊ. कुणी अडवणार नाही.”

“मयूरी मसनमां शे, फादर. एकली पडेल शे पोर. त्याले तिन्हाच जोडे ठेवानं शे.”

मयूरी त्यांची एकुलती लेक. तापानं गेली तेव्हा याच वाहरूनं तिला दोन्ही हातांवर उचलून मसणात नेलं होतं. फादर आले होते, गाणी झाली होती, कुणी चकार शब्द काढला नव्हता.

 तासापूर्वीच मिस्सेत फादरनी देशातल्या एकोप्यासाठी विनवणी केली होती. सिंधुबाईनं वाहरूकडे बघून होकाराची मान हलवली आणि घरी जाऊन चूल पेटवली. मयताबरोबर वाटेची शिदोरी द्यायची ही पाड्याची रीत; चर्चला जायला लागल्यावरही त्या दोघांनी ती सोडली नव्हती. दादर ज्वारीची भाकर थापली, मीठ-मिरची ठेवली आणि फडक्याला घट्ट गाठ मारली. 

मसणात जालमसिंग काठी टेकून उभा होता. पाड्याचा कारभारी, त्याची नजर प्रत्येकाच्या हातांवर. मयत खाली उतरवलं, मागोमाग वाहरू खड्ड्यात उतरला. सिंधुबाईनं फडकं त्याच्या हाती दिलं, आणि तो गाठ सोडू लागला तेव्हा तिला आठवलं. शिदोरी सोडून पहिला तुकडा मयताच्या तोंडाशी ठेवायचा, हा भावाचा मान. सगळ्यांच्या नजरा चुकवायचा विचार तिनं केला होता. गाठ सोडली जाणार, एवढंच दुःखात विसरली होती.

भाकरीची घडी उघडली. आत जामसिंगची काळी जपमाळ होती, टोकाला क्रूस असलेली.

वाहरूचा हात थांबला. सिंधुबाई खड्ड्याच्या काठाशी सरकली. आता मयत मागे फिरणार, लेकीच्या कुशीतून बापाला उठवणार, आणि तेही आपल्याच हातानं!

“काय शे रे त्यामां?” वरून जालमसिंगनं विचारलं.

वाहरू वाकलेलाच राहिला. त्यानं भाकर पुन्हा मिटली. कडेचा तुकडा मोडून भावाच्या तोंडाशी ठेवला आणि उरलेली भाकर त्याच्या दोन्ही हातांखाली सरकवली.

“भाकर शे, बाबा,” तो म्हणाला. “दादरनी.”

मग वर येऊन पहिली माती त्यानंच लोटली, ती भाकर दिसेनाशी होईपर्यंत लोटत राहिला.

माती देऊन सगळे हात धुवायला ओढ्याकडे निघाले. दोन ढिगाऱ्यांपाशी सिंधुबाई तेवढी बसून राहिली, एकावरही क्रूस नव्हता. मयूरीचा कधीच वाळवीनं खाल्ला होता. थोड्या वेळानं वाहरू परत आला, हात तसेच मातीचे. तिच्याकडे न बघता म्हणाला,

“वहिनी, मी मरसू तवय बी शिदोरी तूच बांधजो.”