जंतू सांभाळणारी बरणी

मी बरणी बोलतेय. जाड काचेची, घट्ट झाकणाची. बिस्किटांची नव्हे हो! माझ्या नशिबी आले हिवतापाचे जंतू.

त्यांना कोंदट हवा लागते. म्हणून जंतूंच्या बशा माझ्यात मांडायच्या, शेजारी मेणबत्ती लावायची आणि झाकण बसवायचं. मेणबत्ती हवा खाऊन विझते, नि हे मेले खुशाल वाढतात. आजवर किती मेणबत्त्या गिळल्या, देव जाणे. जीव विटलाय माझा.

माझी सगळी देखभाल प्रयोगशाळेतल्या ताईकडे. एकदा ती आली ती रक्ताची नळी घेऊनच. रक्त तिच्या धाकट्या भावाचं. त्याचा ताप औषधाला दाद देत नव्हता.

"कुठलं औषध लागू पडेल, तेवढं बघा हो," ती मोठ्या बाईंना म्हणाली. त्या इथल्या मुख्य संशोधक.

उत्तर यायच्या आत भाऊ गेला. त्याच्या रक्तातले जंतू मात्र माझ्यात तग धरून होते.

बाईंनी त्यांचं जनुक वाचलं. "एकच अक्षर बदललंय गं. तेवढ्यानं औषध त्यांना लागूच पडत नाही."

"एवढंसं? एवढ्याशापायी गेला तो?"

बाई उगाच टेबल पुसत राहिल्या.

नव्या औषधाची परीक्षा याच जंतूंवर घ्यायची ठरली. तोवर त्यांना जगवायला माणसाचं ताजं रक्त हवं. ताईनं बाही वर सारली. "माझं घ्या. मारायचेत म्हणून तर जगवायचेत!" भावाचा घास घेणाऱ्यांना बहीण भरवतेय, हे मला बघवत नव्हतं. कधी बशी ठेवताना ती हळूच विचारायची, "बरा आहेस ना रे?"

आज बाई सूक्ष्मदर्शकावरून ओरडतच उठल्या. "मेले! औषधाच्या बशीतले सगळे मेले!" टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मी पूर्वीही ऐकल्यात. काही वर्षांनी जंतू पळवाट काढतात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

औषध न घातलेली एक बशी तेवढी जिवंत आहे. काम संपलं की तीही मारून टाकायची, असा इथला नियम. गोठवून ठेवायची सोय नाही.

ताई आधी हसली, मग माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं हो बाई. पण त्याचं म्हणून एवढंच उरलंय माझ्याकडे."

बाई, मला खुशाल अडगळीत टाका. थकलेय मी. फक्त ती बशी ओतायचं काम ताईला सांगू नका.