बंदुकीवरची दुर्बीण

आमचे हे रस्त्यात माझा दंड धरून चालायला लागले, त्याला वर्ष होत आलं. एरवी चार पावलं पुढे असल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे, ते आता मला उजव्या हाताला घेऊन चालतात. "म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, लोक बघतायत," असं मी म्हटलं की नुसते हसतात. बंदुकीच्या दुकानातही आम्ही असेच गेलो, नवं जोडपं दागिने घ्यायला निघावं तसे.

धान्याच्या गोदामातले उंदीर मारणं हे यांचं काम. धान्याजवळ विष ठेवता येत नाही. म्हणून छऱ्याची बंदूक घेऊन पोत्यांच्या थप्पीवर बसायचं आणि भिंतीच्या कडेने पळणारा उंदीर टिपायचा. गोदामातले हमाल यांना 'नेमबाज' म्हणतात आणि हे ती हाक ऐकली की अजूनही मान ताठ करतात. गोदामामागची आमची खोलीही या नोकरीचीच.

गेले काही महिने मात्र उंदीर कमी आणि पोती जास्त मरत होती. छर्रा पोत्यात घुसायचा, धान्य गळायचं, आणि ते खायला आणखी उंदीर यायचे. हे कधी म्हणत बंदुकीची स्प्रिंग मेली, कधी छर्रे खराब आले, कधी उंदीरच हुशार झाले. "शिकवणी लावली असेल त्यांनी," मी म्हणायचे. मग एक दिवस मालक स्वतः आला, गळक्या पोत्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "महिनाअखेर बघतो. नाही जमलं तर पिंजरेवाल्या कंपनीला काम देतो. खोलीही त्यांच्याच माणसाला लागेल."

हे घरी आले. चपला काढता काढता म्हणाले, "नवी बंदूक आणि वर दुर्बीण मिळाली तर जमेल बघ." शिलाई मशीनला मोटर बसवायची म्हणून मी पैसे बाजूला टाकत होते. ते काढले. काढताना जीव कळवळला, खोटं कशाला सांगू? पण डोक्यावरचं छप्पर गेलं तर मशीन ठेवणार कुठे?

दुकानदाराने आधी पैसे किती ते विचारलं. मी सांगितल्यावर त्याचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं.

"वहिनी, एवढ्यात स्प्रिंगची बंदूकच बसेल," तो म्हणाला. "पण स्प्रिंगचा धक्का दोन्हीकडे बसतो. आधी मागे, मग पुढे. त्यावर साधी दुर्बीण टिकत नाही. आतली नेमाची फुली हलते, मग तुम्ही नेम धरा कुठेही."

"दुर्बीण आहे की जावई? किती ती नाजूक!"

तो हसला. "म्हणून सांगतो, बंदूक हलकी घ्या आणि पैसे दुर्बिणीत घाला. उंदराला ताकद लागत नाही, नेम लागतो."

"बरोबर आहे," हे म्हणाले. बंदूक यांनीच पसंत केली. घोडा ओढून बघितला, दस्ता गालाला लावून बघितला. ते हात अजून तसेच होते, एकही हालचाल वाया न जाणारे. मला बरं वाटलं. वाटलं, गेले पैसे तर गेले, माणूस तरी उभा राहील.

दुकानदाराने त्यावर स्वस्तातली दुर्बीण चढवली आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दाखवली. यांनी डावा डोळा मिटला आणि उजवा लावला.

"धूसर आहे," हे म्हणाले.

"काच हलकी आहे ना, काका. थांबा." त्याने दुसरी आणली. ती चढवली, स्क्रू आवळले आणि बंदूक यांच्या हातात दिली. "ही बघा. फुली दिसते?"

"दिसते ना! लख्ख," हे म्हणाले. "टाकीवरचा गंजसुद्धा दिसतोय."

मी बाजूला उभी होते. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर काळं रबरी झाकण तसंच होतं.

दुकानदाराच्याही ते लक्षात आलं. त्याने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं. धूळ पुसल्यासारखं करून मी झाकण काढलं आणि मुठीत धरलं.

"आता कसं दिसतंय?" मी विचारलं.

"तसंच," हे म्हणाले. "लख्ख."

   मी झाकण काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, "नको. आम्हाला नाही परवडत."

दुकानदाराने पैसे कमी करतो असं म्हटलं नाही. यांनीही हट्ट केला नाही. नोकरी जाणार, खोली जाणार, आणि माणूस बंदूक हळूच काउंटरवर ठेवून "बरं" म्हणाला. तेव्हा मला कळलं की मी ओळखलंय हे यांनाही कळलंय.

बाहेर आलो. यांनी माझा दंड धरला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल."

"डॉक्टर?"

"दाखवलं. म्हणाले, गेलेलं परत येत नाही."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींना जागा नव्हती. तरी मी आशेने म्हटलं, "मग डाव्या डोळ्याने मारा ना! तुमच्यासारख्याला शिकायला कितीसा वेळ लागणार?"

हे थांबले. "कित्येक महिने डाव्यानेच मारतोय गं," हे म्हणाले. "गळकी पोती पाहिलीस ना तू? त्या डोळ्यातही धुकं आलंय. वाटलं, दुर्बिणीने नोकरी थोडी लांबेल. दुकानात डावा लावला असता तर तुला कळलं असतं."

दुकानात परत वळावं का, असं मी विचारणार होते. पण पाय घराकडेच निघाले. रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं तर उजवीकडून एक स्कूटर अगदी जवळून हॉर्न वाजवत गेली. यांची बोटं माझ्या दंडात रुतली. मी त्यांना मागे ओढलं, दोन्हीकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "चला."