वहिनीचा रेडिओ

वहिनीच्या तोंडाला विसावा नाही, हे घरात सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. गाडीत बसली की मग तर विचारायलाच नको. पुढच्या सीटवर दादाच्या शेजारी, मांडीवर पाण्याची बाटली धरून ती बसायची आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत सुरू व्हायची. धाकटीने त्याला नाव ठेवलं होतं, वहिनीचा रेडिओ.

धाकटी म्हणजे दादाची बहीण. पन्नाशी उलटली तरी धाकटीच. बाजारात तिचं पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायचं दुकान होतं. सुट्टी म्हणून तिने कधी घेतली नव्हती. यंदा दादानेच फर्मान काढलं, "चिमणे, दुकानाला कुलूप लाव. समुद्राच्या कडेकडेने रमतगमत जाऊ. पक्षी बघू, हरणं बघू. कुठे वेळेवर पोचायचं नाही की कुणाला उत्तर द्यायचं नाही."

दादाने आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. अर्ध्या गावाच्या हाती स्टिअरिंग त्याने दिलेलं, धाकटीच्याही. त्याची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. गाडी चालवताना शिकाऊ माणसाने दिसेल ते मोठ्याने बोलायचं. पुढे सायकलवाला. उजवीकडे कुत्रं, बसलेलं. कुणी गप्प झालं की दादा आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा आणि म्हणायचा, "डोळे झोपले का रे?" वहिनीही त्याच्याकडेच शिकली. पुढे तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, गाडी सुटली, आणि बोलायची सवय तेवढी उरली, असं धाकटी समजून चालली होती.

प्रवास झकास चालला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पाणथळ. माणसं कमी आणि जनावरंच जास्त. वाळूच्या दांड्यावर मगरी ओंडक्यांसारख्या पडलेल्या. विजेच्या खांबावर समुद्री गरुडाचं घरटं, आणि त्यातून खाली लोंबणारी कुणाच्या तरी जाळ्याची दोरी. चिखलात पाय रोवून उभे असलेले बगळे.

"अहो, डावीकडे बगळे आहेत, पुष्कळ, पण लांब आहेत," वहिनी सांगत होती. "पुढे वळण, उजवीकडे जातंय. त्यानंतर पूल, अरुंद आहे. ट्रक येतोय समोरून. मातीचा."

"मातीचा ट्रकही बघण्यासारखा झाला का गं?" मागून धाकटी म्हणाली.

"तिचं तिकीट लागत नाही हेच नशीब समज," दादा हसला आणि गाडी अलगद बाजूला घेतली. हात अजून लोण्यासारखा चालत होता.

एकदाच काय ते धाकटीला खटकलं. ओढ्याच्या काठावर पाणमांजर दिसलं म्हणून तिने दादाच्या खांद्यावर थाप मारली. पाणमांजर तोंडात मासा धरून दगडावर बसलं होतं. दादाने मान वळवली, "वा, काय ऐटीत पोहतंय," म्हणाला आणि मान परत सरळ केली. धाकटीने मनात म्हटलं, माणसाची नजर चुकते.

दुपारी रस्त्याकडेच्या एका टपरीवर ते चहाला थांबले. टपरीवाला बोलका होता. पुढे पाणथळीतून जाणारा लांब बांध आहे, तो म्हणाला. दोन्हीकडे पाणी, कठडा नाही. "संध्याकाळकडे रानघोडी येऊन उभी राहतात रस्त्यावर. डांबर गरम असतं ना. हॉर्नला भीक घालत नाहीत. आणि आज धुकं येणार, वारा पडलाय बघा. त्याच्या आत पलीकडे निघून जा."

दादाने रिकामा कप खाली ठेवला. टेबल संपून चार बोटं पुढे. कप फरशीवर पडला आणि फुटला.

"टेबल हलतंय मेलं," वहिनी लगेच म्हणाली आणि तुकडे गोळा करायला वाकली, ते दुखरे गुडघे घेऊन.

धाकटीने टेबलावर तळहात ठेवून दाबलं. टेबल जागचं हललं नाही. टपरीवाला दादाकडे पाहत होता. मग त्याने धाकटीकडे पाहिलं आणि पैसे घेऊन आत गेला.

बांधावर गाडी चढली तेव्हा समुद्राच्या अंगाला एक राखाडी पट्टा उठलेला दिसत होता. पाण्यावर हजारो पक्षी उतरले होते आणि त्यांचा एकच एक कल्लोळ चालला होता. धाकटीने काच खाली केली आणि मोबाइल बाहेर धरला. नातवाला ऐकवायचं होतं.

"डावीकडची कड तुटलीय, अहो. जरा मध्ये घ्या. समोर मोकळं आहे. आता..."

"वहिनी, जरा वेळ रेडिओ बंद कर ना. पक्षी रेकॉर्ड करतेय, आणि सगळा तुझाच आवाज येतोय."

"मला नाही जमायचं."

"का? गुदमरशील?"

"चिमणे, राहू दे," दादा म्हणाला.

"राहू दे काय? तीन दिवस ऐकतेय मी. हिच्या या बडबडीला कंटाळूनच तुमचा पोरगा एवढ्या लांब नोकरीला गेला." धाकटीने हे हसत म्हटलं. शब्द तोंडातून सुटला आणि तिला कळलं की हे हसण्यावारी जाणार नाही.

वहिनीने तोंड मिटलं. मान खिडकीकडे वळवली आणि पदराने डोळे टिपले.

पक्ष्यांचा आवाज वाढल्यासारखा वाटला.

"अगं," दादा म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "अगं, बोल ना."

"मला नाही बोलायचं."

दादाने वेग कमी केला. मग तो पुढे झुकला, हनुवटी स्टिअरिंगला टेकेल इतका. धाकटीला त्याच्या मानेवरचा घाम दिसला. डावी चाकं खडीवर गेली, खरखर झाली, आणि दादाने गाडी उजवीकडे घेतली. मग उजवीकडे खरखर झाली. गाडी डावीकडे आली. आधी तिला वाटलं, दादा खड्डे चुकवतोय. पण रस्ता इस्त्री केलेल्या कापडासारखा होता. दादा खडीचा आवाज ऐकून गाडी चालवत होता.

धाकटी दोन सीटांच्या मधून पुढे वाकली, काहीतरी बोलायला, आणि तेव्हा तिला समोर ती रानघोडी दिसली. रस्ता अडवून उभी होती, चिखलाच्या रंगाची, माना खाली घातलेली. गाडी त्यांच्याकडे चालली होती, आणि दादाचा पाय ब्रेककडे जात नव्हता.

"दादा, ब्रेक!"

गाडी करकचून थांबली. बाटली उडून काचेवर आदळली. बॉनेटच्या पुढ्यात त्यातली एक घोडी उभी होती, इतकी जवळ की तिच्या श्वासाने बॉनेटचा पत्रा धूसर झाला. ती हलली नाही.

दादा समोर पाहत होता.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"सात-आठ," वहिनी हळूच म्हणाली. "थांबा. जातील."

धाकटीने वहिनीकडे पाहिलं, मग दादाकडे.

"कधीपासून?"

घोडी एकेक करून उतारावरून पाण्यात उतरली.

"कडेचं दिसतं थोडं," शेवटी दादा म्हणाला. "मधलं गेलंय. मध्ये डाग आहे."

"आणि तू तिला पुढे बसवून..."

"आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर आहोत," वहिनी म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, उलट एक ताठा होता. "डोळे माझे, पाय यांचे. एक ओरखडा नाही आला आजवर गाडीला. तू माझं तोंड बंद केलंस म्हणून हे झालं."

"वहिनी, समोर माणूस असता तर?"

"मी सांगितलं असतं."

"आत्ता कुठे सांगितलंस?"

वहिनी पडलेली बाटली उचलायला वाकली. दादा म्हणाला, "गाडी गेली की घर गेलं, चिमणे. गावाबाहेर आमच्या घराकडे बस येत नाही, दुकान नाही. पोराला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी घर विकायला काढेल आणि आम्हाला त्याच्या त्या बाविसाव्या मजल्यावर नेऊन ठेवेल. तिथून खाली बघितलं तरी मला काही दिसणार नाही." तो स्वतःच हसला, कोरडं.

धाकटीने मागून हात घालून किल्ली काढली. दादाने तिचं मनगट धरलं. तिने ओढून घेतलं नाही. मग त्याचीच बोटं सैल झाली.

तो दार उघडून उतरला. "चालव तू. मी पाय मोकळे करतो. बांध संपला की बसेन."

"दादा, धुकं आलंय. आत बस."

"या रस्त्याने तू शाळेत होतीस तेव्हापासून येतोय मी," असं म्हणून तो चालायला लागला, रस्त्याच्या मधोमध, पाठ ताठ ठेवून.

धाकटी स्टिअरिंगवर बसली. दिवे लावले आणि पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागे गाडी सोडली. दिव्यांच्या उजेडात त्याचा करडा शर्ट दिसत होता. धुकं समुद्राकडून रस्त्यावर चढत होतं, आणि पक्षी एकदम गप्प झाले होते.

"हाक मार ना त्याला. तुझं ऐकेल," ती म्हणाली.

"नको गं," वहिनी म्हणाली. "आता तुला कळल्यावर तुझ्यासमोर मी त्यांना रस्ता सांगायचा? लाजेने जीव देतील."

शर्ट फिकट झाला. मग दिव्यांसमोर नुसता पांढरा पडदा राहिला. धाकटीने ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजवला. उत्तर आलं नाही. काच खाली केली तर पुढून आवाज आला, ओल्या मातीवर टापांचा. घोडी परत वर चढत होती. एक फुरफुरली. मग पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला.

"दादा!"

काही नाही.

"दादा, बोल! कुठे आहेस?"

वहिनीने दार उघडलं. दाराला धरून उभी राहिली आणि बोलू लागली. ओरडली नाही, रोजच्याच आवाजात बोलली. "अहो, मी इथे आहे. गाडी उभी आहे. घोडी तुमच्या पुढे असतील, मागे नाहीत. पाणी पायाला लागत असेल तर उलटं वळा आणि चढ धरा. घाई करू नका. मी बोलतेच आहे. डांबर लागलं का? आता माझ्या आवाजावर या. सरळ. आणखी सरळ."

ती बोलत राहिली. धाकटीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि ती जिवाचा कान करून ऐकत होती. बऱ्याच वेळाने धुक्यातून एक हात आला आणि बॉनेटवर पडला. मग दादा आला. कमरेपर्यंत भिजलेला, एका पायात बूट नव्हता. गाडीच्या अंगावरून हात फिरवत तो मागच्या दारापर्यंत गेला आणि आत बसला. दात वाजत होते.

वहिनी पुढे बसली. दार लावून घेतलं.

"सांगणार आहेस पोराला?" तिने विचारलं.

"हो."

"उद्या सांग," मागून दादा म्हणाला. "आजचा दिवस जाऊ दे."

"आजच. पलीकडे फोन लागला की."

धाकटीने गिअर टाकला. तेवढ्यात दोन सीटांच्या मधून दादाचा ओला हात पुढे आला, हँडब्रेक चाचपला आणि त्यावर टेकला, तिच्यासारख्या कित्येकांना शिकवताना टेकायचा तसा. धाकटीने तो उचलला, मागे वळली आणि त्याच्या मांडीवर नेऊन ठेवला.