स्क्रीनच्या कपाळावर हळदीकुंकू

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दादा पुण्याहून कॅमेरा घेऊन आला आणि तो कॅमेरा मला अर्धा तास शोधूनही सापडला नाही.

माझा दादा, विश्वजित, कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून दोन वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत आहे. तिथं मोबाईलच्या स्क्रीनमागं लपणारा कॅमेरा बनवतात. वर टिकलीएवढं भोक नाही, काळी पट्टी नाही, नुसती सलग काच. मी हरल्यावर त्यानं माझं बोट धरून काचेच्या वरच्या कडेखाली, बरोबर मधोमध टेकवलं. स्क्रीनमध्ये लाखो बारीक दिवे असतात म्हणे. तेवढ्या जागेत ते विरळ ठेवायचे. उसाच्या सऱ्या लांब लांब सोडल्या की ऊन मधनं खाली उतरतं, तसा त्या दिव्यांच्या मधनं उजेड कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. ते दिवे कुठं किती विरळ ठेवायचे हे दादानं ठरवलेलं, आणि कॅमेरा काचेला चिकटवायचं काम त्याच्याबरोबरच्या मंगलताईचं.

मंगलताई आटपाडीकडची. तिच्या घरात मेंढरं होती, इंजिनिअर ही पहिलीच. मे महिन्यात आमच्या जत्रेला आली होती तेव्हा तिनं मला माझं स्पर्धेचं भाषण चारदा म्हणायला लावलं, आणि मी तालुक्यात दुसरी आले. तेव्हापासून मी वर्गात हात वर करते, सरांना उलट प्रश्न विचारते, आणि आई म्हणते पोरीला शिंगं फुटली. फुटू देत की!

तर दादानं आणलेला हा मोबाईलचा नमुना एकच होता. दुसरा बनायला महिना लागणार. दादाला तो घरी आणू दिला, कारण डोक्यामागं सूर्य असताना चेहऱ्याचे फोटो कसे येतात ते साहेबांना बघायचं होतं, आणि आमच्या शेतात उन्हाला कसलीच आडकाठी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला साहेबांशी कॉल होता. दादानं मला बजावलं की कडेनं डिंक अजून भरायचाय, पाण्याचा थेंबसुद्धा लागता कामा नये. मी हं हं म्हटलं आणि स्वतःचे फोटो काढत राहिले.

सकाळी लाईट आली म्हणून दादा मोटर चालू करायला मळ्यात गेला. घरी आईनं पूजेचा पाट मांडला. आमच्यात खंडेनवमीला ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. आईची खुरपी आणि विळा, वडिलांचा, म्हणजे आबांचा, लष्करातला पट्टा आणि चाकू, ट्रॅक्टरचे पाने, माझी कंपासपेटी. पुजलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटल्याशिवाय उचलायचं नाही. आई म्हणाली दादाचं पण काहीतरी आण, त्याचं राहिलं तर वर्षभर मनाला लागेल. लॅपटॉप समोरच होता. पण लॅपटॉप काय, कुणाकडंपण असतो. दादाचं खरं हत्यार कुठलं ते मला माहीत होतं. तीनचा कॉल माझ्या ध्यानातच नव्हता.

मी नमुना आणून पाटावर ठेवला. आईनं विड्याच्या पानानं सगळ्यावर पाणी शिंपडलं. मी हळदीत पाणी कालवून बोटानं लावत गेले, वर कुंकू. नमुन्याला कुठं लावायचं हा प्रश्नच नव्हता. कपाळाला लावतात, आणि याचं कपाळ घरात फक्त मला ठाऊक होतं. मी त्या जागी चांगलं ठसठशीत बोट टेकवलं.

आई स्वयंपाकघरात गेली. म्हटलं बघू तर खरं, देवाला आपण कसे दिसतो. फोटो काढला. फोटोत मी नव्हतेच, लाल-पिवळा ढग होता. ओढणीनं काच पुसली. परत काढला. ढग होताच, पण आता रंग जाऊन पांढरट. परत पुसली, आणि तेव्हा दिसलं की डाग काचेच्या वर नव्हताच. काचेखाली वरच्या कडेपासून एक ओली रेघ सरकत होती, हळूहळू, आणि मी बघत होते.

दादानं बजावलं होतं. पाण्याचा थेंबसुद्धा. मला ऐकू आलं होतं की. मी ऐकलं होतं!

मी नमुना खोक्यात घातला, पाटावर त्या जागी लॅपटॉप ठेवला, त्यावर दोन बोटं हळदीकुंकवाची ओढली. आईनं येऊन पाटाला हात जोडले, तिच्या काही लक्षात आलं नाही. मांडलेली पूजा मी हलवली होती. वर्षभर काय काय होईल याची यादी माझ्या डोक्यात आपोआप तयार होत होती. आबा आजारी, दादाचा अपघात, मी दहावीत नापास. जेवताना घास खाली उतरेना. आईनं विचारलं तर नवरात्राच्या उपवासानं पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

दोन वाजता दादा नमुना घेऊन बांधावर गेला. पाच मिनिटांत परत आला. पायरीवर बसला आणि नुसता त्या काचेकडं बघत राहिला. दादाचा चेहरा असा पिठासारखा मी कधी बघितला नव्हता. आबांनी विचारलं तर म्हणाला आतून धुकं धरलंय, चिकटवण्यातच खोट राहिलीय. आबा म्हणाले मग तुझी चूक न्हाई ना, झालं तर. दादा म्हणाला, "माझी न्हाई ओ आबा. मंगलची."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतःपुरती घाबरत होते.

कॉल सुरू झाला तेव्हा मी दाराआड उभी राहिले. लॅपटॉप पूजेतला उचलायला आई तयार नव्हती, म्हणून दादानं फोनवरच लावला. साहेब शांतपणे बोलत होते आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले की याआधी एका नमुन्याची काच सुटली होती, आता हा. मंगलला सोमवारपासून या कामावरून काढून दुसरीकडं घ्यावं लागेल. दादा मान खाली घालून ऐकत होता. मग मंगलताईचा आवाज आला, अगदी बारीक.

"सर, मी दोनदा तपासलं होतं. न्हाई म्हणजे, कोरडंच होतं सगळं."

साहेब म्हणाले, मग धुकं आलं कुठून? तिला काय माहीत असणार!

वाटलं संध्याकाळी दादाला एकटं गाठून सांगू. पण संध्याकाळपर्यंत साहेबांनी ठरवलेलं ठरून गेलं असतं. मी आत गेले आणि दादाच्या खांद्यावरून फोनसमोर तोंड आणलं.

"सर, मी शिवांजली. विश्वजितची बहीण. पाणी मी घातलं त्यात. हळदीचं. पूजेत ठेवला होता."

दादा वळून माझ्याकडं बघत होता, ते मला कानाच्या बाजूनं जाणवत होतं. साहेबांनी विचारलं, कसली पूजा? मी सगळं सांगितलं. विड्याचं पान, ओली हळद, कुंकू, पुसलं ते, लपवलं ते. दोन वाक्यं साहेबांनी परत सांगायला लावली.

मंगलताई म्हणाली, "शिवांजली, वरच्या कडेवर बॅटरी मार बरं. आडवी. पिवळी रेघ दिसती का?"

मी मारली. दिसत होती, केसाएवढी. दादानं तिचा फोटो काढून पाठवला. मग साहेब म्हणाले की मंगल कामावर राहील. आणि विश्वजित, तू आज रात्री निघ, उद्या सकाळी मला भेट. उद्या दसरा, ऑफिसला सुट्टी. तरी दादा हो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर मी ओरडा खायला तयार होऊन उभी राहिले. दादा ओरडला नाही. त्यानं मला समोर बसवलं आणि कागद घेऊन किती वाजता काय केलंस ते विचारत लिहीत गेला. शेवटी लिहिलं, नमुना घरात उघडा ठेवला, जबाबदारी माझी.

मी म्हटलं माझं नाव लिही ना, मी केलंय. रडू येत होतं.

"साहेबांनी तो तुझ्याकडं दिला नव्हता," दादा म्हणाला, "माझ्याकडं दिला होता."

"काढतील का रं तुला?"

"माहीत न्हाई."

त्यानं नमुना तसाच, न पुसता, मऊ फडक्यात गुंडाळला. आबांनी त्याला स्टँडवर सोडायला गाडी काढली. आई दारात भाकरीची पुरचुंडी घेऊन उभी होती आणि विचारत होती की सणाचं असं काय निघालंय मधेच, पोरानं सोनं तरी लुटून जावं. दादानं माझ्याकडं बघितलं. तो सांगणार नव्हता, ते मला कळलं.

गाडी वळणापलीकडं गेली. आई अजून रस्त्याकडंच बघत होती. मी तिच्याजवळ गेले.

"आई, घरात चल," मी म्हटलं. "पाटावरचं मी हलवलंय. सगळं सांगते."