मोकळी पिन

भरदुपारी बाळ पाळण्यात झोपलं होतं. शेजारच्या खोलीत आई त्याच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचा मायक्रोकंट्रोलर तपासत होती. पडद्यावर श्वासाची रेघ संथपणे वरखाली होत होती.

"अगं, सेन्सरची वायर जोडलीच नाहीस, टेबलावरच पडलीय!" शेजारी बसलेला नवरा हसला. "मोकळी पिन हवेतलं काहीबाही पकडते. रिकामं मन, सैतानाचं घर!"

तिने पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडली. आता रेघ सपाट व्हायलाच हवी होती, पण ती हलतच राहिली.

धावत जाऊन तिने बाळाच्या छातीवर हात ठेवला. इवलासा श्वास भराभर चालला होता.

"इथे पडद्यावर संथच आहे गं," नवऱ्याचा आवाज आला. "मोठ्या माणसासारखा."

तिने बाळाला झटकन उचलून उराशी धरलं.

"इथला थांबला," तिकडून तो हळूच म्हणाला. "कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखा."