सात मिनिटांनी झिजलेला बाक

मित्रांनो, असे अवघडून उभे राहू नका, टेका जरा. मी एक जुना सागवानी बाक आहे. सरकारी दवाखान्यात अपंगत्वाचे दाखले मिळतात, त्या खिडकीसमोर माझी हयात गेली.

"चार माणसं आरामात बसतील," असे मला घडवणारा सुतार म्हणाला होता. बिचाऱ्याला सरकारी रांगेचा अंदाज नव्हता. माझ्यावर सहा-सहा जण दाटीवाटीने बसत. बसून बसून माझ्या बैठकीला खळगे पडले. "टेकायला तरी जागा आहे," असे लोक म्हणत. तेवढेच माझे कौतुक.

खिडकीवाले काका माणूस भला, पण एकटा. कागद तपासता तपासता त्यांच्या नाकीनऊ येत. अशात वरून हुकूम आला की टोकन दिल्यापासून दहा मिनिटांत माणूस आत डॉक्टरांकडे गेलाच पाहिजे. काकांनी युक्ती काढली. माणूस खिडकीशी पोहोचला की मगच टोकन द्यायचे. कागदावर सरासरी सात मिनिटे लागू लागली. मोठ्या साहेबांना शाबासकी मिळाली. लोक मात्र माझ्यावर तीन-तीन तास ताटकळत.

मग सरकारने ठरवले की या वेळी खात्यातला माणूस न पाठवता बाहेरच्या संस्थेकडून कामाची पाहणी करून घ्यायची, म्हणजे कुठे सुधारायचे ते कळेल. पाहणीच्या दिवशी साहेबांनी नव्या खुर्च्या मांडल्या आणि मला मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ नेऊन टाकले. रांगेतल्या लोकांनाही तिकडेच बसवले. मला फार वाईट वाटले. इतकी वर्षे राबलो आणि ऐन वेळी माझीच लाज वाटावी?

माझ्यावर एक निवृत्त पोस्टमन आजोबा आणि दृष्टी गेलेल्या आजी बसले होते. काठीच्या आधाराने एकटे चालायला शिकवणाऱ्या वर्गात आजींना जायचे होते. नाव द्यायचा तो शेवटचा दिवस होता, दाखल्याशिवाय नाव घेत नव्हते आणि डॉक्टर एक वाजता निघून जात.

बाराच्या सुमारास पाहणीवाल्या बाई डबा खायला मागे आल्या आणि आजींशेजारी बसल्या. त्यांचा हात माझ्या खळग्यावरून फिरला आणि तिथेच थांबला.

"आजोबा, कधीपासून बसलाय?"

"साडेआठपासून. तशी ही पाचवी खेप."

"टोकन कितवं आहे?"

"टोकन मिळालं की सुटलोच म्हणायचं. ते शेवटी मिळतं."

बाईंनी डबा तसाच मिटला आणि त्या खिडकीशी गेल्या. दार उघडेच होते, म्हणून मला सगळे दिसत आणि ऐकू येत होते.

"सात मिनिटं बसून सागवान एवढं झिजत नाही हो," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. "मी एकटा आहे, बाई. आकडा वाढला तर बोलणी मलाच. आणि आजवर जो आला तो टोकनंच मोजून गेला."

"मग अहवालात काय लिहू? तुमची चूक, की तुमची अडचण?"

काकांनी हातातले कागद बाजूला ठेवले. "दोन्ही लिहा," ते म्हणाले. मग स्वतः उठून मागे आले, आजींचा हात धरला आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. तेव्हा एक वाजायला दहा मिनिटे होती.

अहवाल गेला, आणि नवल म्हणजे तो कुणीतरी वाचलासुद्धा. आता टोकन दारातच मिळते आणि वेळ तिथूनच मोजतात. काकांच्या मदतीला दुसरी खिडकी आली. मलाही पुन्हा आत आणले.

मागच्या महिन्यात आजी दाखल्याचे नूतनीकरण करायला आल्या, एकट्या. त्यांची काठी माझ्या पायाला लागली. त्या टेकतात न टेकतात तोच त्यांचा नंबर पुकारला.

"अगं बाई, एवढ्यात?" असे म्हणून त्या उठल्या. क्षणभर मला हुरहूर लागली, पण त्याहून आनंद मोठा होता.

मित्रांनो, म्हाताऱ्याचे एवढेच ऐका. मला धुवा, पुसा, पण माझे खळगे भरू नका. आणि पुन्हा कुणी पाहणीला आले, तर आकडे दाखवण्याआधी त्यांना माझ्यावर बसवा.