मधल्या फटीतली एक्केचाळीस घरं

मी मॉडेल बोलतोय. चार गावांची पुढची वीस वर्षं कशी असतील, ते प्लायवूड, पुठ्ठा आणि हिरव्या स्पंजात करून दाखवलंय, तोच मी. सरकारी कागदात माझं नाव 'प्रादेशिक विकास आराखड्याची त्रिमितीय प्रतिकृती' असं आहे. ते एका दमात म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. खुद्द साहेबसुद्धा "ते मॉडेल" असंच म्हणतात आणि पुढे "त्याला हात लावू नका" एवढं जोडतात.

माझा जन्म एका जागी झाला नाही. मोठं शहर, टेकडीवरचं गाव, कारखान्यांचं गाव आणि नदीपलीकडचं गाव, अशा चार नगरपालिकांनी मिळून एक आराखडा करायचं ठरवलं. 'मिळून' या शब्दाचा अर्थ त्यांनी असा लावला, की प्रत्येकाने आपली फळी आपल्या घरी करायची आणि शेवटी एका दालनात आणून जोडायची. मोठ्या शहराची फळी एका नामांकित वास्तुशिल्पकाराच्या कचेरीत झाली. टेकडीवाल्यांची निवृत्त चित्रकला-शिक्षकांनी हौसेने केली. कारखानेवाल्यांनी आपल्या फळीला खालून लोखंडी पट्ट्या ठोकल्या. नदीपलीकडच्यांनी ती कोणाकडून करवून घेतली, हे त्यांनाही नीट आठवत नाही.

माझं बालपण सुखाचं गेलं. झाडं स्पंजाची, त्यामुळे पानं गळायची नाहीत. माणसं पांढऱ्या प्लास्टिकची, सगळी सडपातळ. एकाच्याही हातात पिशवी नाही, कोणी म्हातारं नाही, कोणी रस्त्यात उभं राहून दुसऱ्याशी बोलत नाही. वीस वर्षांनी तुम्ही सगळे असे होणार आहात असा नियोजकांचा अंदाज आहे.

प्रत्येक गावाला काही गोष्टी लागतात, पण दिसायला नको असतात. मोठ्या शहराने आपला कचरा डेपो फळीच्या अगदी टोकाच्या कोपऱ्यात ठेवला आणि भोवती स्पंज लावला. टेकडीवाल्यांनीही आपला डेपो असाच दूर ढकलला. नदीपलीकडच्यांनी सांडपाण्याचं केंद्र कोपऱ्यात नेलं, कारखानेवाल्यांनी ट्रकतळ. एकेकटी पाहिली तर चारही फळ्या दृष्ट लागण्यासारख्या.

मग जोडणीचा दिवस उजाडला. फळ्या टेबलांवर मांडल्या आणि पहिल्यांदा कळलं, की चौघींची जाडी वेगळी आहे. त्यामुळे मोठ्या शहरातून संथ येणारी नदी हद्दीपाशी पाऊण इंचाची पायरी चढते आणि पलीकडे पुन्हा वाहू लागते. अशी कामसू नदी जगात दुसरी नसेल. रस्त्यांचं तर विचारूच नका. शहराचा सहापदरी रस्ता थेट टेकडीवाल्यांच्या शाळेच्या भिंतीवर आदळला. कारखान्यांकडून आलेला रस्ता नदीत उतरला, तो वर आलाच नाही.

पण खरी शोभा मध्यभागी होती. चारही फळ्यांचे कोपरे जिथे एकमेकांना टेकले, तिथे चौघांच्याही नकोशा वस्तू जमल्या. दोन कचरा डेपो, एक सांडपाण्याचं केंद्र आणि एक ट्रकतळ. माझ्या बरोब्बर पोटावर तपकिरी डाग.

साहेबांनी, म्हणजे संयुक्त मंडळाच्या मुख्य नियोजकांनी, चष्मा काढून तो पाहिला, चष्मा लावून पाहिला आणि शिपायाला म्हणाले, "तिथे एक फुलदाणी ठेवा."

उद्‌घाटन झकास झालं. पाहुण्यांनी फुलदाणीचं विशेष कौतुक केलं. कार्यक्रमपत्रिकेत 'लोकसहभाग' सव्वातीन ते साडेतीन होता, त्यानंतर चहा. चहाला उशीर होऊ नये म्हणून लोकसहभाग तीन-वीसलाच आटोपला. हरकती घ्यायला तीस दिवसांची मुदत होती. मुदत संपली की आराखडा मंजुरीला जाणार होता.

विसाव्या दिवशी शिवणवाल्या काकू आल्या. गळ्यातली टेप काढायचीही त्यांना आठवण राहिली नव्हती. सोबत सासूबाई, ठेवणीतले कपडे घालून, जणू लग्नालाच निघाल्यात.

"आपलं घर कुठे गं यात?"

"बघतेय ना, आई. ही पाण्याची टाकी. टाकीवरून सरळ, मग उताराचा रस्ता, मग..." काकूंचं बोट रस्त्यावरून चालत चालत फुलदाणीपाशी येऊन थांबलं. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि फुलदाणी उचलली.

खाली तपकिरी डाग होता, आणि डागाच्या मधोमध फळ्यांमधली फट.

सासूबाई वाकल्या. "अगं, आपल्या दाराशी चारही बाजूंनी उकिरडा दिलाय यांनी. कोणाला वाईट वाटायला नको म्हणून प्रत्येकाने एकेक."

साहेब धावत आले. "बाई, हात लावू नका!"

"हात नाही लावला, साहेब. फुलदाणी उचलली. आमची वस्ती कुठाय?"

"कोणती वस्ती?"

"मधली वस्ती. एक्केचाळीस घरं, एक शाळा, एक विहीर."

"ती कोणाच्या हद्दीत येते?"

"निवडणुकीत चौघांच्याही. नळ मागितला की कोणाच्याच नाही."

साहेबांनी कागद चाळले. "कागदावर ती जागा मोकळी आहे."

"मग बावन्न वर्षं मी मोकळ्या जागेत केर काढतेय होय?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, तसं नव्हे. हे स्केल असतं. स्केलप्रमाणे तुमचं घर तिळाएवढं होईल. दिसणारच नाही."

"तीळ तर तीळ," काकू म्हणाल्या, "पण ठेवा तरी. इथे नुसती फट आहे."

साहेबांना तेवढ्यात एक बैठक आठवली आणि ते तिकडे गेले.

काकूंना मात्र सगळं कळून चुकलं होतं. जागा मोकळी म्हणून आराखडा एकदा मंजूर झाला, की मोकळ्या जागेतली माणसं हलवायला कोणाला फार विचारावं लागत नाही. आणि नाहीच हलवली, तर राहायचं कुठे? दोन डेपोंच्या मधे, खिडक्या बंद करून, शिलाई मशीन चालवत. दिवस उरले होते दहा.

काकूंनी चारही नगरपालिकांना अर्ज दिले. चौथ्या दिवशी चारही अर्ज परत आले. प्रत्येकावर एकच शिक्का: 'आमच्या हद्दीत नाही.' या चार गावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचा एवढा एकच दाखला दप्तरात आहे.

माझ्या शेजारीच मंडळाचं आवक-जावकाचं टेबल होतं. तिथला कारकून उंचीने बेताचा आणि आवाजाने त्याहून बेताचा. काकू पाचवा अर्ज घेऊन आल्या तेव्हा त्याने तो घेतलाच नाही.

"ताई, हा नका देऊ. हाही फिरून येईल. नियमावली वाचलीत? कलम अकरा. प्रदर्शनातल्या प्रतिकृतीत रहिवाशांना दुरुस्ती सुचवता येईल. ती कागदावरच सुचवावी, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा शोधलं."

"मग कशावर सुचवू?"

"ते मी कसं सांगणार? मी साधा कारकून." आणि तो पुन्हा लिफाफ्यांना डिंक लावायला लागला.

पुढे काय झालं ते मला माझ्या धाकट्या भावंडाने, म्हणजे पाचव्या फळीने, नंतर सांगितलं. काकूंनी सबंध वस्ती शिवणाच्या टेपने मोजायला काढली. दीर सुतार होते, ते टेपचं दुसरं टोक धरायला आले.

"वहिनी, अहो, सर्व्हेवाले दुर्बीण घेऊन येतात."

"ते आलेच नाहीत ना, भाऊजी. धरा टोक."

मोजताना एक गंमत उघडकीला आली. चार गावांचे हद्दीचे दगड एकमेकांना लागून नव्हतेच. एकाचा दगड इथे, तर दुसऱ्याचा शंभर पावलं पुढे. मधल्या पट्ट्या कोणीच आपल्या म्हटल्या नव्हत्या, आणि त्या पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे मधली वस्ती. काकूंनी पट्ट्याही मोजल्या. मोठ्या माणसाच्या मापावरून लहान मुलाचं कापड बेतणं हा त्यांच्या हातचा मळ, त्यामुळे स्केलने त्यांना काही त्रास दिला नाही. कागदाचा नमुना कापला, त्यावरून दिरांनी फळी कापली. अधिकच्या चिन्हासारखी, मधे वस्ती आणि चारी दिशांना पट्ट्या.

घरांसाठी प्रत्येक कुटुंबाकडून एक बटण मागितलं. त्यावरून तीन भांडणं झाली. टोकाच्या घरवाल्याने ओव्हरकोटाचं बटण आणलं, तेव्हा शेजारीण म्हणाली, "घर बघा आणि बटण बघा!" सासूबाईंनी सासऱ्यांच्या कोटाचं पितळी बटण उसवून दिलं आणि बजावलं, "मला कडेला लावू नकोस. मधे बसायची सवय आहे मला."

शेवटच्या दिवशी जाहीर सुनावणी होती. चारही गावांचे अधिकारी आणि शे-दीडशे लोक दालनात होते. सव्वातीनला काकू आणि दीर फळी घेऊन आत आले. मागे सगळी वस्ती.

"हे काय?" साहेब उठले.

"दुरुस्ती. कलम अकराप्रमाणे."

"असं मधे काही घालता येणार नाही. मॉडेल पूर्ण झालंय."

"पूर्ण झालंय तर रस्ते का जुळत नाहीत, साहेब?" काकूंनी विचारलं. "सदऱ्याची बगल काचते तेव्हा आम्ही बाही कापत नाही. बगलेखालचा चौकोनी तुकडा लावायचा राहिलेला असतो, तो लावतो. सरका जरा."

साहेब सरकले. ते स्वतःही नंतर मान्य करतात, की का सरकलो ते कळलं नाही. लोकांनी माझ्या चारही फळ्या धरून एकमेकींपासून वीतभर लांब ओढल्या. फार वर्षांनी कोणी अंग मोकळं करून द्यावं तसं मला वाटलं. मग पाचवी फळी मधे बसली.

शहराचा सहापदरी रस्ता शाळेची भिंत सोडून पट्टीवर आला आणि टेकडीच्या रस्त्याला जाऊन मिळाला. नदीत बुडालेला रस्ता एका पुलाशी बाहेर निघाला. चारही रस्ते बटणांपाशी येऊन भेटले. नदी अजून पायरी चढत होती, पण तेवढं एक सोडलं तर मी आयुष्यात पहिल्यांदा जुळलो.

शेजारच्या टेबलावरून कारकुनाचा बारीक आवाज आला, "दुरुस्ती क्रमांक एक. आवक नोंद केली." आणि शिक्का पडला. नोंद झालेली गोष्ट खोडायला आमच्याकडे जेवढ्या सह्या लागतात, तेवढ्यांत नवं गाव वसवता येतं. साहेब खाली बसले.

मग लोक पुढे सरकले. इतके दिवस जो तो आपलीच फळी पाहून घरी जात होता. आता टेकडीवरचे चित्रकला-शिक्षक वाकून म्हणाले, "अहो, तुमचं हे सांडपाणी आमच्या विहिरींच्या वरच्या अंगाला आहे!"

"आणि तुमच्या डेपोवरचा वारा थेट आमच्याकडे," नदीपलीकडची एक बाई म्हणाली. "मी रोज म्हणायची, वास कुठून येतो, कुठून येतो!"

"आमचे ट्रक तर टेकडीवरच्या शाळेसमोरून जातायत," कारखान्यातला फोरमन पुटपुटला. "माझीच मुलगी आहे त्या शाळेत."

त्या दिवशी लोकसहभाग पावणेसातपर्यंत चालला. चहा दोनदा गार झाला.

सगळं एका दिवसात सुटलं असं सांगितलं तर मी मॉडेल नाही, जाहिरात ठरेन. पुढे आठ महिने दर महिन्याला चौघांना माझ्याभोवती बसावं लागलं, आणि प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी रुसून निघून गेलं. एकदा तर नदीपलीकडचे आपली फळी उचलून न्यायला निघाले होते. रागाच्या भरात ती आडवीच धरली, दारातून मावली नाही म्हणून परत बसले. शेवटी ट्रकतळ महामार्गाशी गेला, सांडपाण्याचं केंद्र नदीच्या खालच्या अंगाला, आणि चौघांच्या कचऱ्याला मिळून एकच प्रक्रिया केंद्र ठरलं, वस्तीपासून चांगलं दूर. मंजूर आराखड्यात एक ओळ आली: 'मधली वस्ती, एक्केचाळीस घरं, आहेत तिथे कायम.' काकूंनी ती ओळ तीनदा वाचली आणि चौथ्यांदा सासूबाईंना वाचून दाखवली.

टेकडीवाल्यांचा डेपो मात्र दोन वर्षं 'तात्पुरता' राहणार आहे. "सरकारी तात्पुरतं म्हणजे माझ्यापेक्षा जास्त जगणारं," सासूबाई म्हणाल्या. तरी दर सोमवारी त्या काठी टेकत जाऊन तो किती कमी झाला ते बघून येतात आणि साहेबांना कळवतात. साहेबांनी सोमवारी रजा घ्यायला सुरुवात केली आहे.

चार रस्ते भेटतात म्हणून आता वस्तीशेजारी चारही गावांचा बस-थांबा होणार आहे. ही बातमी फुटल्यापासून चारही नगरपालिकांना एकदम आठवलंय, की मधली वस्ती पूर्वापार आपल्याच हद्दीत होती. चौघांनी पत्रं पाठवली. काकूंनी कारकुनाला विचारून उत्तर लिहिलं, "अर्ज मिळाला. आपला नंबर चौथा आहे." चौघांनाही तेच उत्तर गेलं.

मी सध्या मधल्या वस्तीच्या शाळेत असतो. दालनात जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर दालनात मला करमतही नव्हतं. इथे सगळे हात लावतात. स्पंजाची झाडं टकली झाली, दोन पांढरी माणसं हरवली, टोकाच्या घरवाल्याचं बटण एकदा कोणीतरी काढून खरोखर कोटाला लावलं, ते काकूंनी जाऊन परत आणलं. महिन्यातून एकदा चार गावांची माणसं येतात, माझ्यावर कोपरं टेकून भांडतात, आणि जाताना काहीतरी थोडंसं सरकवून जातात. वीस वर्षं कोणी एका बैठकीत आखत नसतं, हे मला माझ्यावर पडलेल्या कोपरांवरून कळलं आहे.

बरं, माझं सांगून झालं. तुमच्याही गावात कुठल्यातरी दालनात माझ्यासारखं कोणीतरी काचेखाली पडलेलं असेल. एकदा जा. काच असेल तर उघडायला सांगा. त्यावर आपलं घर शोधा. सापडेल बहुतेक. मग लगेच निघू नका, शेजाऱ्याचंही शोधा.